धावत्या मोटारीचा कंप : कारणमीमांसा व निदानपद्धती

प्रास्ताविक :

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये वाहतुकीस पूर्णपणे खुला झाला आणि मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्णत्वास गेला. दरम्यानच्या काळात ताशी ८० ते १०० किलोमीटर हा वेग महाराष्ट्रातील सामान्य मोटारचालकाच्या अंगवळणी पडला. गावातील रस्त्यावर निमूटपणे चालणारी मोटार या वेगाला पोहोचताच तिचे स्टेअरिंग थरथरू लागते, हा अनुभवही त्याबरोबर आला. त्यावर गॅरेजमध्ये मिळणारे उत्तर बहुधा ‘अलायमेंट गेली असेल’ असे असते. अलायमेंट करूनही कंप जात नाही. मग शॉकअब्सॉर्बर बदलले जातात, पुढे टायर बदलले जातात आणि बराच खर्च होऊनही मूळ दोष जागच्या जागी राहतो. याहून गंभीर बाब अशी की, काही कंप हे चाक निखळण्याची किंवा टायर फुटण्याची पूर्वसूचना असतात. त्यांनाही याच सरधोपट उत्तरात गुंडाळले जाते. प्रस्तुत लेखात चारचाकी प्रवासी मोटारीच्या कंपाचे निदान कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन केले आहे.

फेऱ्यांचे गणित :

मोटारीतील बहुतेक कंपांचा उगम कोणत्या ना कोणत्या फिरणाऱ्या भागात असतो. म्हणून कंप सेकंदाला किती वेळा होतो, हे कळले की तो कोठून येतो याचा अंदाज बांधता येतो. १६५/८० आर १४ या मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर असतो. मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असता असे चाक सेकंदाला ११ हून थोडे अधिक फेरे घेते. ताशी १०० ला ते सुमारे १४ होतात. मागील चाकांना गती देणाऱ्या वाहनांतील प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो. त्यामुळे त्याचा दोष हादऱ्यापेक्षा घुमणाऱ्या आवाजाच्या रूपाने अधिक जाणवतो.

या चाकाच्या रिमच्या कडेला केवळ २० ग्रॅम वजन जास्त आहे, असे समजू. ताशी १०० वेगाला त्यातून सुमारे २९ न्यूटन, म्हणजे जवळजवळ तीन किलो वजनाइतके बल निर्माण होते आणि ते सेकंदाला १४ वेळा दिशा बदलते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ५० ला ते एक चतुर्थांशच असते. शहरात दोष का लपतो, याचे उत्तर येथे मिळते. परंतु पुष्कळदा हाच कंप ताशी ११० च्या पुढे कमी होतो. ते केवळ या सूत्राने उलगडत नाही. त्यासाठी अनुनाद ही संकल्पना लक्षात घ्यावी लागते. टायर हीदेखील एक स्प्रिंगच आहे. तिच्यावर तोललेल्या चाक व ॲक्सलच्या जोडणीची नैसर्गिक वारंवारता साधारणपणे सेकंदाला १० ते १५ च्या आसपास असते. चाकाचे फेरे या संख्येशी जुळले की लहानसे असंतुलनही मोठा कंप निर्माण करते. जुळणी सुटली की कंप ओसरतो. एका ठरावीक वेगपट्ट्यातच जाणवणारा कंप हे चाकाच्या असंतुलनाचे जवळजवळ खात्रीचे लक्षण होय.

अलायमेंटचा संबंध चाकांच्या कोनांशी आहे. कोन चुकला तर मोटार एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. पण दर फेऱ्याला पुन्हा घडणारे असे त्यात काही नसते. म्हणून थेट कंप हा त्याचा परिणाम नव्हे. मात्र असमान झिजलेला टायर पुढे कंपाचे कारण ठरू शकतो. उलट पावसाळ्यात रिमच्या आतील बाजूस वाळून बसलेला काळ्या मातीचा चिखल हे असंतुलनाचे अगदी साधे कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बॅलन्सिंगपूर्वी चाक आतून धुणे आवश्यक असते, ते यासाठीच. खड्ड्यात आपटून रिम वाकली असेल, तर मात्र शिशाचे वजन लावून भागत नाही. सायकलवाला चाकाचा ‘आऊट’ पाहतो, तसे ते फिरवूनच पाहावे लागते.

अन्वय व व्यतिरेक :

निदानाची पद्धत तर्कशास्त्राच्या अभ्यासकांना परकी वाटणार नाही. अन्वय-व्यतिरेक ही आपल्याकडील जुनी कसोटी आणि जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये मांडलेल्या विगमन पद्धती यांचाच हा वापर आहे. एका वेळी एकच घटक बदलावा आणि कंप त्याच्याबरोबर बदलतो का, ते पाहावे. ताशी ८० च्या वेगाने पाचव्या गिअरमध्ये जाणवलेला कंप त्याच वेगाला चौथ्या गिअरमध्येही तसाच राहिला, तर इंजिनाचे फेरे बदलूनही तो बदललेला नाही. सबब दोष चाकांच्या बाजूचा आहे. मोटार उभी असता इंजिनाचे फेरे वाढवल्यावर तोच कंप आला, तर चाके निर्दोष ठरतात. ॲक्सिलरेटर दाबताच येणारा व सोडताच जाणारा कंप ॲक्सलच्या आतील सांध्याकडे बोट दाखवतो. स्टेअरिंग थरथरत असेल तर पुढची चाके आणि आसन थरथरत असेल तर मागची, हा ठोकताळा उपयुक्त आहे. पुढची-मागची चाके आपसात बदलल्यावर कंपाचे स्थानही बदलले, की शंकेला फारशी जागा उरत नाही.

ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग व पेडल थरथरत असेल, तर ‘डिस्क वाकडी झाली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः बहुतेक वेळा डिस्कची जाडी सर्वत्र सारखी नसते, एवढेच घडलेले असते. मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागाइतका फरकही त्याला पुरतो. घाट उतरताना वरच्या गिअरमध्ये राहून सतत ब्रेक दाबल्यास डिस्क तापते आणि पायथ्याशी तसाच पाय दाबून थांबल्यास पॅडच्या पदार्थाचा थर त्या एका जागी चिकटतो. चाकाचे नट कमीअधिक आवळल्यानेही डिस्क किंचित तिरकी बसते व कालांतराने असमान झिजते. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावताना एबीएसमुळे पेडलला बसणारे ठोके मात्र दोष नव्हेत.

इंजिन व रस्ता :

चारस्ट्रोक इंजिनातील प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. मिनिटाला ८०० फेरे असताना एक सिलिंडर पेटेनासा झाला, तर सेकंदाला साधारण ६.७ वेळा धक्का बसतो. उभ्या दिशेच्या कंपाबाबत मानवी शरीर सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असते. त्यामुळे स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइलचा हा दोष सिग्नलला थांबल्यावर विशेष जाणवतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडी थरथर स्वाभाविक असते. ती अचानक वाढली तर इंजिनाचे ‘फाउंडेशन’, म्हणजे त्याला पेलणारे रबर, तपासावे.

काही वेळा मोटार निर्दोष असते. काँक्रीटच्या रस्त्यावरील सांधे सामान्यतः साडेचार मीटरच्या आसपास असतात. ताशी ८० ला ते सेकंदाला पाच वेळा चाकाखाली येतात. ही संख्याही वरील पट्ट्यातच पडते. डांबरी रस्त्यावर येताच कंप थांबला, तर गॅरेजची वाट धरण्याचे कारण नाही.

तातडीची लक्षणे :

चाक नुकतेच काढून बसवले असेल आणि त्यानंतर कंप सुरू झाला, तर अन्य कोणताही तर्क करण्यापूर्वी वाहन थांबवून नट तपासावेत. जॅकवर उचललेले चाक वर-खाली धरून हलवल्यास खेळत असेल, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट झिजलेला असतो. डावी-उजवीकडे खेळत असेल, तर टाय रॉड एंडचा संशय घ्यावा. सर्वांत फसवा कंप ताशी २०-३० च्या वेगालाच चाक डुलल्यासारखा जाणवतो. असंतुलनाचे बल या वेगाला नगण्य असते. म्हणजे चाकाचा आकारच बिघडलेला असतो. टायरच्या आतील पोलादी पट्टे सुटून त्याला फुगा आलेला असण्याचा संभव असतो. असा टायर बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढवण्यात अर्थ नसतो. तो आहे त्याच जागी उतरवून स्टेपनी लावावी लागते.