कर्लिंग : प्रक्षेपणतंत्र

कर्लिंग या बर्फावरील सांघिक खेळात ग्रॅनाइटचा जड दगड ठरविलेल्या दिशेने व योग्य वेगाने सरकवीत सोडण्याची रीत. हा खेळ मूळचा स्कॉटलंडमधील असून त्याच्या नियमांत एकसूत्रता आणण्यासाठी १८३८ मध्ये एडिंबरो येथे ग्रँड कॅलेडोनियन कर्लिंग क्लब स्थापन झाला. १९९८ मध्ये नागानो (जपान) येथील हिवाळी ऑलिंपिक सामन्यांपासून कर्लिंगचा पदकांच्या खेळांत नियमितपणे अंतर्भाव होत आहे. चौघांच्या संघातील प्रत्येक खेळाडू एका फेरीत दोन दगड सोडतो. दगडाचे वजन १७·२४ ते १९·९६ किग्रॅ. आणि परीघ जास्तीत जास्त ९१·४४ सेंमी. असतो.

प्रक्षेपण ‘हॅक’ नावाच्या रबरी पायटेकूपासून सुरू होते. तेथून पलीकडील लक्ष्यवर्तुळाचा मध्य सु. ३८·४० मी. दूर असतो. हॅकपासून सु. १०·०६ मी. अंतरावरील हॉग रेषा गाठण्यापूर्वी दगड हातातून पूर्णपणे सुटावा लागतो. या रेषेपाशी दिशेत अवघा १° फरक पडला, तरी सु. २८·३५ मी. दूर असलेल्या लक्ष्यापाशी दगड सु. ५० सेंमी. बाजूला जातो. दगडाचा व्यास सु. २९ सेंमी. असल्याने एवढ्या चुकीने प्रतिपक्षाचा दगड संपूर्णपणे हुकू शकतो. दगडापुढील बर्फ ब्रशने घासून सहकारी त्याची गती टिकवू शकतात व वळण काही अंशी लांबवू शकतात. परंतु मुळातच चुकलेली दिशा त्यांना पूर्णपणे सुधारता येत नाही. म्हणून या खेळात शरीराच्या सरळ मांडणीला विशेष महत्त्व आहे.

लक्ष्यरेषा : सोडताना दिलेल्या फिरकीमुळे दगड मार्गात हळूहळू वळतो. वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा दगड उजवीकडे, तर उलट फिरणारा डावीकडे झुकतो. हे वळण जमेस धरून संघनायक (स्किप) आपला ब्रश इष्ट स्थानाच्या बाजूस धरतो. प्रक्षेपकाचे लक्ष्य हा ब्रश असतो. दगड अखेर जेथे थांबावयाचा ते स्थान नव्हे. हॅकपासून या ब्रशापर्यंत कल्पिलेली सरळ रेषा म्हणजे लक्ष्यरेषा होय.

पूर्वस्थिती : उजव्या हाताने खेळणारा खेळाडू डावीकडील हॅकमध्ये उजव्या पायाचा चवडा टेकवितो. पाऊल, गुडघा व दृष्टी ब्रशाकडे रोखलेली, तर कंबर व खांदे लक्ष्यरेषेस काटकोनात असावे लागतात. दगड हॅकमधील पायासमोर, लक्ष्यरेषेवरच ठेवतात. डाव्या हातातील ब्रश अथवा आधारदांडा केवळ तोल राखण्यासाठी असतो.

सरकणे : प्रथम दगड किंचित पुढे घेऊन नंतर मागे आणतात व त्याच वेळी कंबर उचलतात. पुढे जाताना आधी दगड हलतो, त्यामागोमाग गुळगुळीत तळव्याचा डावा पाय येतो आणि शेवटी हॅकमधील पाय रेटा देतो. डावा पाय छातीच्या मध्याखाली व दगडाच्या मागे यावा आणि शरीराचा भार त्यावरच पडावा. मागील पाय लक्ष्यरेषेच्या दिशेत सरळ ताणला जातो. वेग मुख्यतः पायाच्या रेट्यातून मिळावा, हाताच्या ढकलण्यातून नव्हे.

पूर्वी दगड बर्फावरून उचलून झोक्याने मागे नेण्याची पद्धत रूढ होती. कॅनडाची राष्ट्रीय विजेतेपदे १९३६, १९४२ व १९४९ मध्ये जिंकणारा केन वॉटसन याने लांब सरकत प्रक्षेपण करण्याची रीत लोकप्रिय केली. पुढे दगड न उचलता प्रक्षेपण करण्याची पद्धत सर्वत्र रुळली; तीत तोल राखणे तुलनेने सोपे जाते.

दगड सोडणे : फिरकीनुसार दगडाची मूठ घड्याळातील दहा किंवा दोनच्या स्थितीत धरतात आणि सोडण्याच्या क्षणी ती बाराच्या स्थितीकडे आणतात. संपूर्ण मार्गात दगडाचे साधारणपणे तीन ते चार फेरे व्हावेत, एवढी फिरकी पुरते. दगड सोडल्यानंतरही हात लक्ष्यरेषेतच पुढे राहावा.

दोष व सुधारणा : पाऊल दगडामागे न येता बाजूला पडणे, दगडावर अथवा ब्रशावर भार टाकणे, एक खांदा खाली झुकणे व अखेरीस हाताने दगड ढकलणे हे नेहमी आढळणारे दोष होत. सोडण्याच्या वेळी दिसणाऱ्या दोषाचे मूळ पुष्कळदा हॅकमध्येच असते. पूर्वस्थितीत कंबर तिरपी असली, तर शरीर बाजूला सरकते आणि ती चूक झाकण्यासाठी हात नकळत दगड वळवितो. अशा वेळी केवळ मनगट सुधारून भागत नाही. पाऊल, कंबर व खांदे या क्रमाने तपासणी करावी लागते.

दगडाशिवाय सरकण्याचा सराव ही तोलाची उत्तम कसोटी होय. दगडावर भार टाकण्याची सवय असलेला खेळाडू तीत तत्काळ डळमळतो. लक्ष्यरेषेच्या दोन्ही बाजूंस हलके पेले मांडून त्यांतून सरकणे आणि समोरून चित्रण करून पाहणे हेही उपयुक्त उपाय आहेत. एका वेळी एकच दोष हाताळणे हितावह ठरते. दगड जवळच्या टी रेषेपर्यंत पोहोचला नसेल, तर हॅककडे परतून प्रक्षेपण पुन्हा करण्याची मुभा नियमांत आहे. त्यामुळे आरंभीच तोल गेल्यास थांबणे श्रेयस्कर.

चाकांच्या खुर्चीवरील कर्लिंगचा पॅरालिंपिक सामन्यांत २००६ मध्ये तूरिन येथे प्रथम समावेश झाला. त्यात खेळाडू स्थिर खुर्चीतून, बहुधा दांड्याच्या साहाय्याने दगड सोडतो व बर्फ घासण्यास मनाई असते. नंतर साहाय्य मिळण्याची शक्यता नसल्याने तेथे खुर्ची, खांदा व दांडा यांची लक्ष्यरेषेशी जुळणी आरंभीच अचूक साधावी लागते.