खुर्ची निवडताना सुतार आठवावा

नंदुरबार, शहादा, तळोदा इथल्या नव्या घरांत बैठकीच्या खोलीसाठी खुर्च्या घ्यायच्या म्हटलं की आज तीन पर्याय पुढे येतात: शंभर वर्षांपूर्वीची कोरीव ‘अँटिक’ खुर्ची, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची ‘व्हिंटेज’ खुर्ची किंवा एखाद्या नामवंत डिझायनरच्या आराखड्यावर बेतलेली आधुनिक खुर्ची. विकणारे यांचे वेगवेगळे कप्पे करतात आणि घेणाराही आधी कप्पा निवडतो, मग खुर्ची. हा क्रम उलटा करावा असं मला ठामपणे वाटतं. खुर्ची किती जुनी आणि कोणाच्या नावाची, हे मागाहून पाहिलं तरी चालेल. ती उद्या डुगडुगायला लागली तर आपल्या तालुक्यातला सुतार ती पुन्हा उभी करू शकेल का, हे आधी पाहावं. सातपुड्याच्या उतारांवर साग आणि बांबू वाढणाऱ्या या जिल्ह्यात लाकूड ओळखणारे हात अजून आहेत, त्यामुळे ही कसोटी इथे सहज लावता येते.

कप्प्यांवर विसंबता येत नाही, हे एका खुर्चीवरूनच कळतं. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने 1859 साली ‘क्रमांक 14’ नावाची खुर्ची बाजारात आणली. बीच लाकडाच्या काठ्या वाफेवर मऊ करून वाकवायच्या आणि त्या स्क्रूने जोडायच्या, एवढीच तिची युक्ती. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. एका घनमीटरच्या पेटीत सुट्या भागांच्या 36 खुर्च्या मावत. मुंबईच्या इराणी हॉटेलांत दिसणाऱ्या वाकवलेल्या लाकडाच्या काळसर खुर्च्या याच घराण्यातल्या. आपल्या काळात ती अत्याधुनिक होती. तिचे पहिले नग आज अँटिक ठरतात, मधल्या काळातले व्हिंटेज म्हणून विकले जातात आणि तीच खुर्ची नवीही बनते. तिन्ही कप्प्यांत बसणारी ही खुर्ची दीडशेहून अधिक वर्षं टिकली, कारण तिचा कोणताही भाग सुटा काढून बदलता येतो.

दुसरा दाखला आपल्या देशातला आणि सागाचा. चंडीगड वसवताना वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे 1951 ते 1965 या काळात तिथे राहिला. कचेऱ्या, न्यायालयं, ग्रंथालयं, वसतिगृहं यांसाठी त्याने आणि यूली चौधरींसारख्या भारतीय सहकाऱ्यांनी सागवान आणि वेताचं फर्निचर आखलं. इंग्रजी व्ही अक्षर उलटं ठेवल्यासारखे तिरके पाय ही त्याची खूण. तिथल्या साध्या कारखान्यांतल्या सुतारांना करता येईल, असंच ते काम होतं. पुढे याच खुर्च्या भंगार म्हणून गच्चीवर आणि अंगणात रचल्या गेल्या, लिलावात किरकोळ भावाने गेल्या आणि परदेशी लिलावगृहांत एकेक नग लाखो रुपयांना विकला जाऊ लागला. अखेर 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला चंडीगडच्या वारसा-वस्तूंची विक्री आणि निर्यात रोखण्याचा आदेश काढावा लागला. भंगाराच्या ढिगातली खुर्ची आणि लिलावगृहातली खुर्ची यांत लाकडाचा काही फरक नव्हता. किंमत नावाला आली. गुण मात्र पहिल्या दिवसापासून सागात, वेतात आणि सांध्यात होता. तो गुण मिळवायला लाखो रुपये लागत नाहीत. आपल्या कायद्यात नोंदणीकृत डिझाइनला जास्तीत जास्त 15 वर्षं संरक्षण मिळतं, त्यामुळे अशा जुन्या घाटावरून प्रेरणा घेऊन स्थानिक सुताराकडून घरापुरती खुर्ची करून घेण्यात मला काही गैर वाटत नाही. ती ‘मूळ जानरे’ म्हणून विकणं मात्र फसवणूक ठरेल.

जुनी खुर्ची घ्यायचीच असेल तर तिला उलटी करावी. खरं वय खालच्या बाजूला असतं, कारण पॉलिश करणारा तिथे सहसा पोचत नाही. एका लाकडाला कोरलेल्या भोकात दुसऱ्याचं टोक बसवून लाकडी खुंटीने पक्का केलेला सांधा असेल तर ते काम मन लावून केलेलं आहे. प्लायवूडच्या पट्ट्या आणि स्टेपलच्या पिना दिसल्या तर शंभर वर्षांची गोष्ट तिथेच संपली. अधिकच्या चिन्हाची खाच असलेले स्क्रू 1930 च्या दशकात प्रचारात आले. त्यामुळे असे स्क्रू असलेली खुर्ची एक तर त्यानंतरची आहे किंवा मागाहून दुरुस्त झालेली. दुरुस्ती हा दोष नव्हे, पण ती लपवली असेल तर भाव कमी करायला सांगावं. झीज कुठे आहे तेही पाहावं: हात टेकतात तिथे आणि पायांच्या तळाशी ती स्वाभाविक. जिथे कोणाचा स्पर्शच होत नाही तिथेही सारखी झीज असेल तर ती सॅंडपेपरने घासून आणलेली. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, पण गाभ्याबाहेरचं फिकट लाकूड किडीला बळी पडतं. खुर्चीखाली ताजी पिवळट भुकटी पडत असेल तर ती घरात आणू नये.

इथला उन्हाळा चाळिशीच्या पार जातो आणि त्याच्या पाठोपाठ दमट पावसाळा येतो. लाकूड या फेऱ्यात आकसतं आणि फुगतं. अस्सल लाकडाचा सांधा ते सहन करतो. भुशाच्या दाबीव फळीची कड एकदा ओल पिऊन फुगली की पूर्वस्थितीला येत नाही आणि तिच्यात स्क्रूही पुन्हा धरत नाही. मे महिन्यात रेक्झिनची बैठक घामाने चिकटते, वेताची किंवा नवारीची हवा खेळती ठेवते. वेत विणणारे आता थोडेच उरले आहेत. एके काळी सरकारी कचेऱ्यांत खुर्च्या विणायला अंध कारागिरांना खास नेमत; ती विद्या झपाट्याने आटते आहे, याची खंत वाटते. पण आपल्याकडे खाटा विणल्या जातात, आणि खाटेची सुती नवार खुर्चीच्या चौकटीवरही उत्तम बसते.

यावर एक आक्षेप असा की जुन्या वस्तूचं सौंदर्य दुरुस्तीच्या हिशेबात मावत नाही. ते मला मान्य आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीचं जे भरगच्च कोरीव फर्निचर घडलं, त्यातली एखादी खुर्ची कोपऱ्यात नुसती पाहायला ठेवणंही आनंदाचं आहे. फक्त ती गुंतवणूक म्हणून घेऊ नये. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात आणि त्या खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत. दुसरं, आजी-आजोबांना अशा खुर्चीत बसवण्याआधी त्यांना एकदा उठून पाहू द्यावं. लांब हातांची जुनी आरामखुर्ची देखणी असते, पण दुखऱ्या गुडघ्यांना तिच्यातून उठणं अवघड जातं. परदेशी आराखड्याच्या आधुनिक खुर्च्यांची बैठक आपल्याकडच्या अनेक स्त्रियांना उंच पडते. टाच जमिनीला टेकावी, गुडघ्यामागे दोन बोटं जागा राहावी. सुतार दोन इंच पाय कापून देतो, कारखाना देत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: सागाची आवड जंगलावर उठेल. म्हणूनच जुन्या घराच्या तुळया आणि दारं, मोडकी कपाटं यांचं लाकूड आधी वापरावं. त्यासाठी नवं झाड पडत नाही, आणि ते इतकं वाळलेलं असतं की सहसा वाकत नाही. नवं लाकूड घेतलं तर पावती आणि वनखात्याचा वाहतूक परवाना मागावाच. नवापूर स्थानकावरचा बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. एवढ्या जवळच्या हद्दीवर लाकूड कुठून आलं हे विचारणं गिऱ्हाइकाचंही काम आहे.

उरतो पैशांचा प्रश्न. प्लॅस्टिकची खुर्ची स्वस्त, हलकी, पावसात भिजली तरी चालणारी. लग्नकार्याला आणि अंगणात तिला तोड नाही, आणि ज्याच्याकडे तेवढेच पैसे आहेत त्याला कोणी सागाचा उपदेश करू नये. पण बैठकीच्या खोलीत एकदम सहा खुर्च्यांचा चकचकीत संच घेणाऱ्याने दोनच चांगल्या लाकडी खुर्च्या घ्याव्यात, बाकीच्यांसाठी बाक करून घ्यावा किंवा नवापूर भागातल्या बांबू कारागिरांकडे विचारावं. बांबूचा सांधा तीन-चार वर्षांनी सैल होतो, पण तो पुन्हा आवळणारा माणूस त्याच बाजारात भेटतो.