पहारेकऱ्याच्या खोलीचे दार

व्यापाराचा पाया विश्वास हा खरा. परंतु विश्वासाच्या जोडीला कुलूपही लागते, हे आपल्या पेढ्यांना कोणी शिकवावयास नको. तिजोरीची किल्ली कोणाजवळ असावी, दिवसाची रोकड रात्री कोठे ठेवावी, वखारीच्या पहाऱ्यावर कोणास नेमावे, याचे नियम पूर्वापार ठरलेले आहेत. डिचोलीच्या बाजारातील दुकान असो वा पेडणे तालुक्यातील वखार असो, हे नियम पाळणारी पेढी टिकते, असा आपला अनुभव आहे. मात्र गेल्या काही वर्षांत पेढीचा मोठा भाग दुकानाच्या भिंतींबाहेर पडून संगणकात गेला आहे, आणि तेथील कुलपांविषयीची आपली जाण अद्याप तितकीशी पक्की झालेली नाही. त्या कुलपांपैकी एकाकडे व्यापारी बंधूंचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा बदल किती दूरवर गेला आहे, हे आपल्या सीमेवरच पाहावे. दिनांक १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीस ई-वे बिलाची पद्धत आली. पत्रादेवीवरून सिंधुदुर्गाकडे जाणारा अथवा दोडामार्गावरून येणारा मालाचा ट्रक रस्त्यावर निघण्यापूर्वी त्याचा कागद आता संगणकावर तयार होतो. खतावणी, येणे-देणे, मालाचा साठा, नोकरांचे पगार, बँकेचे व्यवहार ही सर्व माहिती एकाच यंत्रात असते, आणि ते यंत्र अष्टौप्रहर इंटरनेटशी जोडलेले असते. ज्या तारेने आपला धंदा जगाशी जोडला, त्याच तारेने जगातील चोरही आपल्या दाराशी येऊन उभा राहिला आहे. त्याला पेडण्यास येण्यासाठी तेरेखोल नदी ओलांडावी लागत नाही.

या चोरास अडविण्याकरिता जे साधन वापरतात, त्यास फायरवॉल म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ आगीला पलीकडेच थोपविणारी भिंत असा आहे. पेढीतील संगणक आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामध्ये हे यंत्र बसविलेले असते. बाहेरून येणारी प्रत्येक विनंती ते तपासते. कोठून आली, कोणासाठी आली, आत सोडण्याची परवानगी आहे की नाही, हे पाहून तिला वाट देते अथवा परत लावते. वखारीच्या फाटकावरील पहारेकरी ही उपमा त्यास बरोबर लागू पडते.

परंतु पहारेकऱ्यालाही कोणीतरी हुकूम द्यावे लागतात. कोणास सोडावे व कोणास अडवावे, याची यादी त्याजपाशी लिहून ठेवावी लागते. त्यासाठी या यंत्रात एक स्वतंत्र पान असते. संगणकावरील साध्या ब्राउझरमधून ते उघडते. त्यावर व्यवस्थापकाचे नाव व परवलीचा शब्द दिला की सर्व नियम बदलता येतात. यासच यंत्राचे व्यवस्थापन-पान म्हणावे. आपल्या उपमेत ही पहारेकऱ्याची खोली होय. सर्व फाटकांच्या किल्ल्या तेथे टांगलेल्या असतात. या खोलीचे दार वखारीच्या आतल्या अंगणात उघडावे, हे उघड आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र दूर बसून काम करता यावे, या सोयीपायी ते दार थेट हमरस्त्यावर उघडलेले असते. परवलीचा शब्द आहे ना, मग भीती कसली, असे त्याचे समर्थन होते.

हे समर्थन किती पोकळ आहे, ते सन २०२४ मध्ये सर्व जगास दिसून आले. पालो आल्टो नेटवर्क्स ही अमेरिकेतील कंपनी फायरवॉल बनविणाऱ्यांत अग्रगण्य मानली जाते. तिच्या यंत्रांत पॅन-ओएस नावाची प्रणाली चालते. व्यवस्थापन-पानाचे दार बाहेरून बंद करा, असा इशारा कंपनीने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी ग्राहकांस दिला, आणि १८ नोव्हेंबर रोजी दोन दोष जाहीर करून त्यांवरील दुरुस्त्या प्रसिद्ध केल्या. सीव्हीई-२०२४-००१२ आणि सीव्हीई-२०२४-९४७४ अशी त्या दोषांची नोंद आहे. जाहीर होण्यापूर्वीच त्यांचा उपयोग करून चोर आत शिरू लागले होते.

पहिल्या दोषाचे स्वरूप समजून घेण्याजोगे आहे. या यंत्रात दोन कारकून एकामागे एक बसले आहेत, अशी कल्पना करावी. पुढचा कारकून बाहेरून आलेली चिठ्ठी घेतो आणि तिजवर 'तपासणी करावी' असा शेरा मारून आतल्या कारकुनाकडे पाठवितो. आतला कारकून तो शेरा पाहून नाव व परवलीचा शब्द विचारतो. आता बाहेरच्या माणसाने आपल्या चिठ्ठीवर स्वतःच 'तपासणी नको' असा शेरा लिहून आणला, तर पुढच्याने तो खोडावयास हवा होता. तसे न होता काही वाटांनी ती चिठ्ठी जशीच्या तशी आत जात असे, आणि आतला कारकून शेऱ्यावर विश्वास ठेवून येणाऱ्यास व्यवस्थापक समजत असे. परवलीचा शब्द कितीही कठीण असो, तो विचारलाच गेला नाही. दुसरा दोष असा की, व्यवस्थापकाच्या नावाच्या जागी यंत्रास द्यावयाची आज्ञा लिहून पाठविली असता, यंत्र ती सर्वोच्च अधिकाराने पाळीत असे. पहिल्या दोषाने खोलीत प्रवेश आणि दुसऱ्याने संपूर्ण वखारीची मालकी, असा हा जोडप्रकार होता.

यातील बोधाची गोष्ट कंपनीच्याच मोजमापात सापडते. अशा दोषांची तीव्रता दहापैकी गुणांनी सांगण्याचा प्रघात आहे. व्यवस्थापन-पान इंटरनेटवर उघडे असल्यास पहिल्या दोषास ९.३ गुण दिलेले होते. ते पान आतील एकाच विश्वासू संगणकावरून उघडेल अशी व्यवस्था असल्यास तेच गुण ५.९ वर येत. दोष तोच, यंत्र तेच. फरक केवळ दार कोठे उघडते याचा. दुरुस्ती निघेपर्यंतच्या काळात मालकाच्या हाती एवढाच उपाय असतो, आणि त्यास एक पैसाही लागत नाही.

हा एकाच कंपनीचा दोष होता, असेही कोणी समजू नये. दिनांक १४ जानेवारी २०२५ रोजी फोर्टिनेट या दुसऱ्या मोठ्या कंपनीने आपल्या फायरवॉलमधील याच जातीचा दोष जाहीर केला. तेथेही ओळख न पटविता व्यवस्थापकाचा अधिकार मिळत होता. ज्यांची व्यवस्थापन-पाने इंटरनेटवर उघडी होती, अशा यंत्रांत शिरून चोरांनी नवे व्यवस्थापक निर्माण केले होते. नंतरच्या महिन्यात, १२ फेब्रुवारी २०२५ रोजी, पालो आल्टोच्या त्याच पानात आणखी एक दोष निघाला. उत्तम कारागिराच्या कुलपातही खोट निघू शकते, ही गोष्ट मनाशी धरूनच आपली व्यवस्था आखावयास हवी.

आपल्या गोव्यास या विषयाची ओळख याआधीच, सन २०२२ मध्ये, झालेली आहे. राज्याच्या जलस्रोत खात्याने प्रमुख नद्यांवर १५ ठिकाणी पुरावर लक्ष ठेवणारी यंत्रे बसविली होती, आणि त्यांची माहिती पणजीतील एका सर्व्हरवर साठविली जात असे. दिनांक २१ जून २०२२ रोजी, मध्यरात्रीनंतरच्या वेळी, त्या सर्व्हरवर खंडणीखोरांनी हल्ला केला. सर्व फाइली सांकेतिक लिपीत बदलून टाकण्यात आल्या आणि त्या मोकळ्या करण्यासाठी बिटकॉइन या आभासी चलनात पैसे मागण्यात आले. खात्याने तक्रारीत दिलेले कारण वाचण्यासारखे आहे : सर्व्हर चोवीस तास इंटरनेटला जोडलेला होता, त्यावर विषाणुरोधक प्रणाली नव्हती आणि फायरवॉल जुनाट झालेली होती.

येथे व्यवस्थापन-पानाचा प्रश्न नव्हता. दुर्लक्षित पहाऱ्याचा होता. परंतु नुकसान कोणत्या जातीचे होऊ शकते, ते या घटनेवरून कळते. जून महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात गोव्यात पाऊस भरात येत असतो. जुलै २०२१ मधील पूर अद्याप लोकांच्या स्मरणात आहे. वाळवंटी फुगली की साखळीच्या बाजारपेठेस धास्ती वाटते. तिळारी धरणातून पाणी सुटले की शापोरा नदीकाठच्या पेडण्यातील गावांना जागे राहावे लागते. दुकानदाराने माल माळ्यावर केव्हा चढवावा, हे नदीच्या पातळीवरून ठरते. ती पातळी सांगणारी माहितीच कुलूपबंद होणे, ही हिशेबाच्या वहीपुरती बाब राहत नाही.

आता प्रत्यक्ष करावयाचे काय, ते पाहू. आपणांपैकी बहुतेकांनी फायरवॉल स्वतः बसविलेली नसते. ती बसविणारा तंत्रज्ञ अथवा इंटरनेट पुरविणारी कंपनी असते. त्यांस काही साधे प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे लेखी घ्यावीत. यंत्राचे व्यवस्थापन-पान बाहेरच्या इंटरनेटवरून उघडते काय? उघडत असल्यास ते आजच बंद करून, पेढीतील एका ठराविक संगणकापुरते मर्यादित करावे. यंत्रासोबत आलेला मूळचा परवलीचा शब्द बदलला आहे काय, आणि त्याच्या जोडीला दुसरी खूण मागण्याची सोय चालू आहे काय? कंपनीने काढलेल्या दुरुस्त्या यंत्रात कोणी व किती दिवसांत घालावयाच्या? व्यवस्थापकांच्या यादीत अनोळखी नाव आहे काय? हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण चोर आधीच आत शिरून स्वतःची किल्ली करून गेला असल्यास, नंतर कुलूप दुरुस्त केल्याने तो बाहेर जात नाही. लहान दुकानातील साध्या राउटरलाही असेच पान असते. तेथेही दुरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी.

याखेरीज हिशेबाची एक प्रत संगणकापासून वेगळी, तार काढून ठेवलेली असावी. वडीलधारी मंडळी वहीची नक्कल घरी ठेवीत, त्यातलाच हा शहाणपणा होय. हल्ला झालाच, तर तो लपविण्यात अर्थ नाही. सर्ट-इन या केंद्र शासनाच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्या, माहिती केंद्रे व शासकीय कार्यालये यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावयाची असते आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपावयाच्या असतात. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम थोपविली जाण्याची आशा अधिक.

एकट्या दुकानदारास तंत्रज्ञ पोसणे परवडत नाही, हे मान्य आहे. परंतु एका बाजारातील दहा-वीस पेढ्यांनी मिळून एक जाणता तंत्रज्ञ नेमावा आणि त्याने महिन्यातून एकदा प्रत्येकाचे यंत्र तपासावे, हे अशक्य नाही. रात्रीच्या गस्तीस अनेक दुकानांनी मिळून गुरखा ठेवण्याची रीत आपल्या परिचयाची आहेच. आपल्या वहीत केवळ आपलाच पैसा नसतो. उधारीवर माल देणाऱ्याचे, ठेव ठेवणाऱ्याचे आणि महिन्याचा किराणा नेणाऱ्या कुटुंबाचेही नाव तीत असते. ती नावे जपण्याची जबाबदारी त्यांनी आपल्या भरवशावर सोडलेली आहे. येत्या दिवाळीस वहीपूजनाला बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या तंत्रज्ञास बोलावून वरील प्रश्न विचारावेत, अशी सर्व व्यापारी बंधूंस नम्र विनंती आहे.