उलटा कटर, उघडं पातं: घरगुती टेबल सॉवर बोटं नक्की जातात कशी?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लेखी मसुदा. बोलण्यातले "म्हणजे कसं आहे ना" थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. प्रश्न साधारण असा असतो: "दोन-तीन हजारांचा मार्बल कटर घ्यायचा, त्याला लाकडाचं दातेरी ब्लेड लावायचं, प्लायच्या फळीला खाच पाडून कटर खालून उलटा बसवायचा, की झाला टेबल सॉ. हे खरंच चालतं का?"

चालतं. रीलमध्ये दिसतं तसंच चालतं. इंटिरियरच्या साइटवर कितीतरी कारपेंटर दादा अशाच जुगाडावर दिवसभर बॅटन आणि प्लायच्या पट्ट्या मारतात. शंभर वेळा पट्टी सरळ निघते, म्हणून एकशेएकाव्या वेळी आपण बेसावध असतो. आणि त्या वेळी नेमकं काय होतं, हे रीलमध्ये कोणी सांगत नाही.

बहुतेकांच्या डोक्यात अपघाताचं चित्र एकच असतं: लक्ष नव्हतं, हात घसरला, पात्याला लागला. तसंही होतंच. पण टेबल सॉचा जो खास अपघात आहे त्यात हात आपण नेत नाही, लाकूड नेतं. त्याला किकबॅक म्हणतात. एवढं एक नीट समजलं की बाकीचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप कळतात.

डोळ्यासमोर आणा. टेबलातून पातं वर आलंय, तुम्ही फळी पुढे ढकलताय. पात्याची तुमच्याकडची बाजू वरून खाली येतेय, म्हणजे दात लाकडाला टेबलावर दाबतायत. इथे सगळं ठीक. पण पातं गोल आहे. त्याची पलीकडची बाजू खालून वर येतेय आणि माथ्यावरून तुमच्याच दिशेने वळतेय. कापून पुढे गेलेलं लाकूड जर त्या पलीकडच्या दातांना जरा जरी चिकटलं, तर ते दात त्याला उचलतात आणि तुमच्यावर फेकतात.

किती वेगाने? साधा ४ इंची मार्बल कटर मोकळा फिरताना मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला २००. पात्याचा परीघ साधारण साडेचौतीस सेंटिमीटर. गुणाकार करा, दातांचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या जवळ जातो. गंमत म्हणजे कारखान्यात बनलेल्या मोठ्या १० इंची टेबल सॉचं पातं मिनिटाला ४ हजारांच्या आसपास फिरतं आणि त्याच्या दातांचा वेग ताशी १९० च्या घरात असतो. आपलं "छोटंसं" मशीन काठावर त्यापेक्षा जोरात धावतं. आता माणसाचं बघा. काहीतरी चुकतंय हे दिसून हात हलेपर्यंत एक पंचमांश सेकंद तरी जातो. तेवढ्यात पातं ४० वेळा फिरलेलं असतं. ३० दातांचं ब्लेड असेल तर १२०० दात तिथून गेले. "मी पटकन हात काढेन" हा प्लॅन इथेच संपला.

आणि बोटं? तुम्ही लाकूड जोरात ढकलताय, अचानक ते हाताखालून निघून जातं. ढकलण्याचा जोर तर हातात तसाच आहे. हात पुढे जातो, आणि पुढे पातं आहे. किंवा याहून वाईट: कापलेली बाजू पलीकडून धरायला तुम्ही डावा हात पात्याच्या मागे नेलेला असतो. लाकूड उलट फेकलं जाताना तो हात सोबत घेऊन येतं, थेट पात्यावर.

मग लाकूड मागच्या दातांना चिकटतं का? कधी लाकडाचाच दोष असतो. लाकडात आतून ताण असतो. फळी उभी चिरत गेलं की कधी दोन्ही भाग फाकतात, कधी मिटतात. मिटले की पातं चिमटीत सापडलं. स्वस्तात मिळतं म्हणून आपण पॅलेटचं लाकूड आणतो ना, त्यात हे हमखास. वर आत खिळे लपलेले असतात ते वेगळेच. कधी दोष फेन्सचा असतो. फेन्स म्हणजे लाकूड ज्याला टेकवून ढकलतो ती सरळ पट्टी. ती पात्याला समांतर नसेल, मागच्या टोकाला जरा आत वळली असेल, तर आपणच लाकूड मागच्या दातांवर दाबत नेतो. आणि तिसरा प्रकार रील्समध्ये सर्रास दिसतो: फेन्सच नाही, पेन्सिलची रेघ मारली आणि नुसत्या हाताने लाकूड ढकललं. हात केसभर तिरका झाला की पातं अडकलं. हा प्रकार तर कधीच नको, अगदी "फक्त एकच कट" असला तरी.

कंपनीच्या टेबल सॉमध्ये यासाठी पात्याच्या लगेच मागे धातूची एक पातळ, वाकडी पट्टी असते. तिचं नाव रायव्हिंग नाइफ. ती काही कापत नाही, कापलेल्या फटीत नुसती उभी राहते, म्हणजे लाकूड मिटून मागच्या दातांपर्यंत पोचूच शकत नाही. दिसायला एवढीशी, पण अख्ख्या मशीनमधला सगळ्यात कामाचा भाग माझ्या मते हाच. आणि उलट्या कटरमध्ये नेमका हाच नसतो. पात्यावरचं झाकण नसतं. फेन्स म्हणजे दोन क्लॅम्प मारलेली बॅटन. जुगाडात पैसे वाचतात ते नेमके या वस्तूंचे.

शिवाय मार्बल कटर मुळात दगडासाठी आहे. त्याचं डायमंड ब्लेड दगड घासत जातं, त्याला चावणारे दात नसतात. म्हणून सोबतच्या पुस्तिकेत सहसा डायमंड ब्लेडच वापरा, दातेरी नको, असं लिहिलेलं असतं. ती पुस्तिका आपण खोक्यासकट माळ्यावर टाकतो. अँगल ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावणं हे तर याच्याही पुढचं. ते करू नका, बस.

आता स्विच. हातात धरायचं मशीन टेबलाखाली गेलं की त्याचा स्विच हाताशी राहत नाही. मग लोक बटण लॉक करतात किंवा झिपटायने बांधून टाकतात आणि भिंतीवरच्या बटणावरून चालूबंद करतात. पहिला घोटाळा: लाकूड अडकलं तर दोन्ही हात गुंतलेले आणि बटण चार फुटांवर. दुसरा घोटाळा खास आपल्याकडचा. काम चालू असताना लाइट जाते. पातं थांबतं. तुम्ही "गेली वाटतं" म्हणत अडकलेला तुकडा काढायला हात घालता, आणि लाइट येते. बटण तर बांधलेलंच आहे. यावर इलाज म्हणजे नो-व्होल्ट स्विच. लाइट गेली की तो स्वतः बंद पडतो आणि परत दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. टेबलाच्या पुढच्या बाजूला, मांडीने किंवा गुडघ्याने दाबता येईल असं मोठं लाल बटण हवं. आणि ब्लेडजवळ काहीही करायचं असेल तर प्लग सॉकेटमधून बाहेर. नुसतं बटण बंद केलंय, हे पुरेसं नाही.

दिशेचं एक सांगायचं राहिलं. कटर उलटा केल्यावर कुठल्या बाजूने लाकूड सरकवायचं यात अनेकांचा गोंधळ होतो. प्लग काढून कव्हरवरचा बाण बघा. पात्याच्या माथ्यावरचे दात तुमच्याकडे आले पाहिजेत. उलट्या बाजूने लाकूड घातलंत तर पातं ते तुमच्या हातातून ओढून घेईल, हातासकट.

किकबॅक कळला असेल तर पुढच्या गोष्टी तुम्हीच सांगाल. पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, जरा बाजूला. पट्टी अरुंद असेल तर शेवटचा भाग बोटांनी ढकलायचा नाही, प्लायच्या तुकड्याची खाच पाडलेली पुश स्टिक करायची. दहा मिनिटांचं काम आहे. हात पात्याच्या मागे कधीच न्यायचा नाही. पातं लाकडाच्या वर थोडंसंच ठेवायचं. हातमोजे मात्र घालायचे नाहीत. हे लोकांना पटत नाही. पण फिरत्या पात्याला कापड सापडलं की ते हात आत ओढतं. मनगटातला धागा, अंगठी, हुडीची दोरी, ओढणी, सगळं काढून ठेवा. चष्मा आणि कानाला संरक्षण हवंच.

"कंपनीचं मशीन घेतलं की प्रश्न मिटला," असं कोणी म्हणेल. अमेरिकेत सगळं बहुतांश कंपनीचंच असतं, तरी तिथल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजाने वर्षाला ३० हजारांच्या आसपास लोक टेबल सॉच्या पात्याने जखमी होऊन इमर्जन्सीत जातात, आणि साधारण ४ हजार जणांची बोटं वगैरे तुटतात. स्टीफन गॅस नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने, जो पेटंट वकीलही आहे, १९९९ मध्ये यावर उपाय शोधला: पात्यात हलका विद्युत संकेत सोडायचा, त्वचा टेकली की तो बदलतो, आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबवतो. तो हॉटडॉगवाला व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, तेच सॉस्टॉप. बोटावर फक्त ओरखडा येतो, ब्लेड मात्र बाद. भारी आहे, पण महाग आहे आणि आपल्या हॉबीच्या बजेटमध्ये बसत नाही.

मग करायचं काय? माझं मत सांगतो. घरी एक शेल्फ किंवा स्टडी टेबल करायचं असेल तर टेबल सॉ लागतच नाही. प्लायची शीट मोजमापं देऊन दुकानात किंवा जवळच्या फर्निचर वर्कशॉपमध्ये कापून मिळते का विचारा. जाड लाकूड असेल तर वखारीत चिरून घ्या. उरलेल्या कटसाठी खालचं झाकण आपोआप मिटणारा हातातला सर्क्युलर सॉ घ्या, लाकडाला क्लॅम्प मारा आणि सरळ पट्टीला टेकवून चालवा. यात लाकूड जागेवर राहतं आणि दोन्ही हात मशीनच्या मुठींवर असतात, पात्यापासून लांब. किकबॅक इथेही होतो, पण बोटं त्याच्या वाटेत नसतात. छोट्या तुकड्यांना तर साधी करवत आणि गुण्या बास झाला.

शेवटचा भाग कोणाला ऐकावासा वाटत नाही, तरी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. बोट कापलं गेलं तर आधी प्लग काढा. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट काहीही भरू नका. अंगठ्या लगेच काढा, नंतर सुजेमुळे निघत नाहीत. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, कोरड्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. तुकडा थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवला तर तो खराब होतो. जखमी माणसाला चहा-पाणी काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. १०८ ला फोन करा. स्वतःच्या गाडीने निघणार असाल तर आधी हॉस्पिटलला फोन करून विचारा: "बोट जोडण्याची मायक्रोसर्जरी तुमच्याकडे आत्ता होते का?" नाही म्हणाले तर कुठे होते तेही त्याच फोनवर विचारून घ्या आणि थेट तिकडे जा.