पॉलिश आणि वॅक्स एक नव्हे
गाडी चमकवायला पॉलिश किंवा वॅक्स, काहीही चालते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात दोन्हींची कामे उलट आहेत. पॉलिशमध्ये अपघर्षक (घासणारे बारीक कण) असतात. ते क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) किंचित झिजवून ओरखडे सपाट करतात. वॅक्स काही काढत नाही, वर संरक्षक लेप चढवते. सुतार लाकूड आधी सँडपेपरने घासतो, मग तेल लावतो, तसेच हे. गोंधळ होणे स्वाभाविकच, कारण चमक दोन्हींनी येते आणि काही बाटल्यांत दोन्ही एकत्रही असतात. पण क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनच जाड असतो, आणि झिजला की पुन्हा भरून येत नाही. म्हणून वॅक्स दर दोन-तीन महिन्यांनी खुशाल लावा. पॉलिश मात्र ओरखडे दिसतील तेव्हाच, गाडी नीट धुऊन आणि सावलीत उभी करून.