मधुचंद्राचे नियोजन आणि सूर्यास्ताची वेळ

देहूरोडच्या बाजारपेठेतील एका परिचित व्यापारी कुटुंबाने काही काळापूर्वी मला घरी बोलावले. मुलाचा साखरपुडा झाला होता, मे महिन्यात विवाह होता आणि जूनच्या पूर्वार्धात नवदांपत्याने इटलीला जावे असे ठरत होते. निवृत्त बँक अधिकारी म्हणून व्हिसाची कागदपत्रे पाहून द्यावीत, एवढीच अपेक्षा होती. वडिलांचे मत होते की जैन भोजनाचा महाराज सोबत असलेली समूह सहल घ्यावी. मुलाला मात्र दोघांनीच, आपल्या सवडीने फिरायचे होते. त्या दिवशी आई-वडिलांसह आलेली नियोजित वधू सर्वांचे ऐकत होती, पण स्वतः काही बोलत नव्हती.

निघताना ती जिन्यापाशी आली व हळूच म्हणाली, "काका, माझा चौविहार आहे. त्यांच्याकडे रात्रभोजनाचा नियम नाही. पहिल्याच प्रवासात मी नियम मोडू, की रोज संध्याकाळी त्यांचा विरस करू?"

व्हिसाच्या कोणत्याही अर्जात हा प्रश्न नसतो. परंतु आपल्या समाजातील अनेक नववधू तो मनात घेऊन विमानात बसतात.

उत्तराचा अर्धा भाग भूगोलाने दिला. जूनमध्ये आपल्याकडे सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो. रोममध्ये पावणेनऊच्या सुमारास आणि मिलानमध्ये सव्वानऊच्या सुमारास. तेथील भोजनगृहे संध्याकाळी बहुधा साडेसातनंतर उघडतात. म्हणजे दार उघडताच जाऊन बसले, तर रोममध्ये तासाभराहून अधिक वेळ हाती राहतो. हाच प्रवास डिसेंबरमध्ये असता तर पाचच्या आधीच सूर्य मावळला असता आणि संध्याकाळचे जेवण जवळजवळ अशक्य झाले असते. जूनच्या पूर्वार्धात गेल्यास चातुर्मासाच्या आत परतही येता येते. उत्तराचा उरलेला अर्धा भाग मात्र त्या मुलाच्या हाती होता. मी तिला एवढेच म्हटले, "हे मला सांगितलेस तसे त्याला सांग."

तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी मुलाने प्रत्येक मुक्कामाच्या गावाचा सूर्योदय व सूर्यास्त मांडलेला तक्ता मला दाखवला. नवकारसीची वेळही त्यात होती. त्यानंतर समूह सहलीचा विषय आपोआप मागे पडला आणि खऱ्या नियोजनाला सुरुवात झाली.

मार्ग असा ठरला: रोमला उतरायचे आणि मिलानहून परत फिरायचे, म्हणजे उलट प्रवासाचा दिवस वाया जात नाही. रोमला चार रात्री, फ्लोरेन्सला दोन, व्हेनिसला दोन आणि मिलानला एक. वेगवान रेल्वेने रोम ते फ्लोरेन्स दीड तास, तर पुढचे दोन्ही टप्पे प्रत्येकी सुमारे सव्वादोन ते अडीच तासांचे आहेत. ही तिकिटे लवकर काढल्यास बरीच स्वस्त पडतात. रोमचे कलोसियम आणि मिलानमधील लिओनार्दोचे 'अंतिम भोजन' हे भित्तिचित्र यांची वेळ आधी राखून ठेवावी लागते. फ्लोरेन्सचे उफीझी संग्रहालय सोमवारी बंद असते. व्हॅटिकनच्या चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. देरासरात जाणाऱ्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

व्हेनिसच्या मुक्कामातील एक दिवस मी सुचवला. तेथून रेल्वेने दोनेक तासांवर उदीने नावाचे शहर आहे. लुइजी पिओ तेस्सितोरी हा विद्वान १८८७ मध्ये तेथे जन्मला. त्याने धर्मदासगणींच्या 'उपदेशमाले'चा अभ्यास केला, १९१४ मध्ये तो भारतात आला, आचार्य विजयधर्मसूरींच्या सहवासात आला आणि राजस्थानातील जुन्या भाषा व चारणी साहित्य यांत बुडून गेला. १९१९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, बिकानेरला त्याचे निधन झाले. ज्यांचे पूर्वज मारवाडातून येथे आले, त्यांनी त्याच्या गावी एक दुपार घालवावी, असे मला वाटले.

आहाराबाबत सावधगिरी हवी. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट असते. मोझरेलातही ते असू शकते. ताज्या पास्त्यात अंडे असते, कोरड्या पास्त्यात बहुधा नसते. तिरामिसूत अंडे आणि पन्नाकोत्तात जिलेटिन असते. सर्वांत सोपे म्हणजे कोरडा पास्ता, टोमॅटो व तुळशीसारख्या बेसिलच्या पानांसह, चीजशिवाय मागावा आणि "सेंझा आल्यो, सेंझा चिपोल्ला", म्हणजे लसूण व कांदा नको, असे स्पष्ट सांगावे. त्यांनी दोन मुक्कामी स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. खाकरे जरूर न्यावेत. मात्र दूध-तुपाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे, म्हणून पेढ्यांचा डबा घरीच ठेवावा.

आता माझ्या व्यवसायाचे चार शब्द. वधूचे तिकीट पासपोर्टवर असलेल्या नावानेच काढावे. लग्नानंतरचे नाव पत्रिकेपुरते राहू द्यावे. पासपोर्टची मुदत शेंगेन क्षेत्रातून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने असावी. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. व्यापारी घरांत एक चूक मी वारंवार पाहिली आहे: अर्जाच्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरली जाते. अशी शिल्लक विश्वास देत नाही, शंका उत्पन्न करते. अनेक महिन्यांची नियमित उलाढाल आणि आयकर विवरणपत्रेच उपयोगी पडतात. पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करता येतो, म्हणून जो विवरणपत्र भरतो त्याच्याच पॅनवर व्यवहार करावा. तेथे कार्ड वापरताना यंत्राने रुपये की युरो असे विचारल्यास युरो निवडावे. रुपयांचा दर बहुधा महाग पडतो.

खर्चाची कमाल मर्यादा वडिलांनी ठरवली आणि पुढे हस्तक्षेप केला नाही, हे त्यांचे मोठेपण. घरातील ज्येष्ठांनी आकडा द्यावा, कागद तपासावेत आणि दिवसांचा हिशेब त्या दोघांवर सोपवावा. तो त्यांच्या संसाराचा पहिला ताळेबंद असतो. त्यात कोणाचा नियम जमेस धरला आणि कोणाचा वगळला, हे पुढे कित्येक वर्षे लक्षात राहते.

दोघे परतल्यावर भेटायला आले. उदीनेला जाणे जमले नव्हते; पाऊस लागला होता. एका संध्याकाळी गाडीला उशीर झाला, सूर्य मावळला आणि तिने उपाशी राहणे पसंत केले. त्या रात्री तोही जेवला नाही. येथे दुकान रात्री नऊला बंद होते, त्यामुळे त्याला रोज चौविहार जमत नाही. अष्टमी आणि चतुर्दशीला मात्र तो सूर्यास्तापूर्वी घरी येतो. असे करण्यास त्याला कोणी सांगितलेले नाही.