मेलेल्या माणसाची अब्रू

लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८चा. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे भाग १९३४ पासून निघू लागले. त्यात सोवळ्याच्या वेडापायी सगळं घर जेरीस आणणारे वडील आहेत, तापट सासरे आहेत, आणि घरात दमडी नसताना हातचं दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा लहरी नवरा, कवी ना. वा. टिळक, आहे. पुस्तक निघालं तेव्हा या तिघांपैकी कुणीच हयात नव्हतं.

मग कायद्याची भीती कसली? गेलेल्या माणसाची बेअब्रू होते का?

होते! लक्ष्मीबाईंच्या जन्माआधीच, १८६० साली, भारतीय दंड संहितेत ते लिहून ठेवलं होतं. कलम ४९९चं पहिलं स्पष्टीकरण सांगतं, की हा माणूस आज जिवंत असता तर या मजकुराने त्याची नाचक्की झाली असती का, ते बघा. एरवी पुराव्याशिवाय पाऊल न टाकणारा कायदा इथे चक्क कल्पनेने मृताला उठवून बसवतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलमाचा आकडा ३५६ झाला, पण ही तरतूद कायम राहिली.

मात्र तिला एक अट आहे. मजकूर मृताच्या कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिलेला असला पाहिजे. आता ही अट ‘स्मृतिचित्रे’ला लावून बघा. लिहिणारी स्वतःच लेक, सून आणि बायको! जिच्या भावना जपायच्या, तीच लेखणी धरून बसलेली, आणि तीही हसत हसत. भावंडं, दीर, मुलं तक्रार करू शकली असती, हे खरं. पण त्या मिस्कील, मायेच्या सुरात दुखावण्याचा हेतू शोधायला निघालेल्या वकिलाची मला कीव येते.

दिवाणी न्यायालयात याच्या उलट चालतं. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३०६ प्रमाणे माणसाचे बहुतेक दावे वारसांकडे जातात, पण बदनामीचा दावा त्याच्याबरोबरच संपतो. शेत वारशाने मिळतं, अब्रूची भरपाई मिळत नाही.

जिवंत माणसांबद्दल लिहिताना धोका अर्थातच जास्त. नाव बदलून भागत नाही. गावाने ओळखलं की झालं. दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव आहे, पण फौजदारी खटल्यात ते सांगणं लोकहिताचं होतं, हेही दाखवावं लागतं. शेजाऱ्याचं खरंखुरं लफडं त्यात बसेलच असं नाही. खुशवंत सिंग यांच्या आत्मचरित्राचं उदाहरण घ्या. १९९५ साली त्यातल्या मजकुरावरून मनेका गांधी न्यायालयात गेल्या आणि प्रकाशन अडलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००१ मध्ये मनाई उठवली. बदनामी झाली असं वाटलं तर नंतर भरपाई मागता येते, असं न्यायालयाचं म्हणणं. पुस्तक आलं २००२ मध्ये.

भरपाईचा दावा प्रसिद्धीपासून एका वर्षात करावा लागतो. फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे. तेव्हा आठवणी लिहायला घेतल्या असतील, तर माळ्यावरची जुनी पत्रं आणि डायऱ्या एवढ्यात रद्दीत घालू नका. लिहिलेलं खरं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी लिहिणाऱ्यावरच असते.